उषाबाई

उषाबाई आमच्या घरात माझ्याबरोबरच आल्या, १९७८ साली. वर्ण काळाभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पाय ओतीव लोखंडाच्या जाळीचे आणि डोक्यावर लाकडी झाकण. माझ्या वडिलांनी लग्नात आंदण म्हणून दिलेलं हे शिलाई मशीन. मुलीच्या संसारात मशीन असलं की तिला वळण आहे असं समजलं जाई, असा तो काळ. मुलगी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, तीन पाळ्यांमध्ये तिचा दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो याचा पत्ता नसतो, मग ती मशीनवर बसणार कधी, असा विचार करायची पद्धत नव्हती. मला सुई टोचता येते, शिवता येत नाही, ही गोष्ट सासरी फार दिवस लपली नाही.

लालबागच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. तिथे रिकामी वस्तू बाळगणं ही चैनच. त्यामुळे उषाबाईंना कामाला लावलं गेलं, पण शिवणाच्या नाही. झाकणावर ट्रान्झिस्टर, पायडलवर चपला, खालच्या जाळीत छत्र्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "विकून टाक गं, चार पैसे तरी येतील." त्यावर आमचे हे म्हणायचे, "राहू द्या हो काकू. घरात एक तरी न बोलणारी बाई असू दे."

हे गिरणीत होते, साचेखात्यात. कापड विणणाऱ्या मागाला गिरणीत साचा म्हणतात, आणि बिघडलेला साचा पुन्हा चालता करणारा तो लाइन जॉबर. हे लाइन जॉबर. साचेखात्यात आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. ह्यांचा डावा कान तिथेच अधू झाला आणि नकलाकार म्हणून नावही तिथेच झालं. ह्यांच्या नकला आवाजाच्या नव्हत्या, चेहऱ्याच्या होत्या. मुकादम, युनियनचा पुढारी, पगाराच्या दिवशी गेटवर थांबलेला सावकार, प्रत्येकाचं तोंड कसं हलतं ते हे एक शब्द न उच्चारता दाखवायचे आणि चाळीची गॅलरी हसून हसून वाकायची. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत गिरणीच्या संघातून उतरायचे. भजनात पखवाज वाजवायचे. दिवाळीत काड्या तासून चाळीतल्या सगळ्या खोल्यांना आकाशकंदील करून द्यायचे. अधू कानाचाही उपयोग व्हायचा. नको असलेली गोष्ट नेहमी डाव्या बाजूनेच सांगितली गेलेली असायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावाला घड्याळ लागत नसे, भोंग्यावर माणसं उठत आणि निजत. ते भोंगे गप्प झाले. पहिले काही महिने आज मिटेल, उद्या मिटेल, असं चाललं. मग चाळीतल्या खोल्यांना एकेक करून कुलपं लागायला लागली. कोणी कोकणात गेलं, कोणी घाटावर. आम्हाला जाता येईना, कारण चूल माझ्या पगारावर होती आणि माझी नोकरी मुंबईत होती. मुलगी तेव्हा तिसऱ्या वर्षात, मुलगा झोळीत. तोवर मुलांना सांभाळायला सासूबाई होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या आजारी पडून गावी गेल्या. उरले हे.

एकदा सकाळची पाळी संपवून आले तर खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर उषाबाईंचे सगळे अवयव ओळीने मांडलेले. मुलाच्या झोळीची दोरी ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय झोका देतोय, हात रॉकेलच्या फडक्याने चार वर्षांचं घट्ट झालेलं तेल पुसतायत. मी काही बोलायच्या आत ह्यांनी एक छोटासा चकचकीत लोखंडी तुकडा वर धरला आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, हिच्या पोटातसुद्धा धोटा आहे!"

खरंच होतं ते. मागावर उभ्या धाग्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. शिलाई मशीनमध्येही खाली बॉबिनला पोटात घेऊन हलणारा एक धोटा असतो. सुई वरचा धागा खाली नेते, धोटा त्याचा फास पकडतो, खालचा धागा त्यातून जातो आणि टाका बसतो. गिरणीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी घरात एक साचा सापडला.

नाव त्यानंतर पडलं. स्टँडच्या लोखंडी जाळीत कंपनीचं नाव होतंच. हे कुठूनतरी माहिती घेऊन आले, की बिशनदास बसिल नावाच्या कारागिराने १९३० च्या दशकात हे देशी मशीन घडवलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं. "कोणाची तरी लेक आहे ती," हे म्हणाले, "अरे-तुरे नाही चालायचं. उषाबाई म्हणा." चाळीत नाव लगेच पसरलं. गॅलरीतून बायका मला विचारायच्या, "काय गं, तुझी सवत आज गप्प का?"

उषाबाईंचा स्वभाव सांगायचा तर शिस्तीच्या. वंगण त्यांना लागे, पण थेंबाने. दोनाऐवजी चार थेंब पडले तर राग पांढऱ्या कापडावर काढायच्या, नेमका शाळेच्या सदऱ्यावर. चाक उलटं फिरवलेलं खपायचं नाही. मुलांनी चोरून फिरवलं की धागा तोडून चुगली करायच्या. मलमलीवर त्यांची चाल हलकी, खादीवर संथ, आणि जीन्सचं कापड पुढ्यात आलं की सुई मोडायच्या. "जुन्या वळणाच्या आहेत," हे म्हणायचे, "त्यांना ही थेरं आवडत नाहीत." मग पुढच्या वेळी जाड सुई बसवायचे, चाक हाताने फिरवत शिवण काढायचे आणि उषाबाईंची समजूत पटायची.

पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल व्हायचा. पायडल हलतंय पण वरचं चाक जागचं हलत नाही. हे हात जोडून समोर बसायचे आणि विचारायचे, "बाई, मागण्या काय आहेत?" मग पट्टा अर्धा इंच कापायचा, तारेच्या क्लिपने जोडायचा, चाकावर चढवायचा आणि जाहीर करायचं, "वाटाघाटी यशस्वी. कामगार कामावर रुजू." त्या दिवसांत खाली नाक्यावर रोज संपाच्या सभा होत होत्या आणि वाटाघाटींचा पत्ता नव्हता. हा विनोद ऐकून पहिल्यांदा मी हसले. पुढे दर पावसाळ्यात तो झाला आणि तेवढं हसू येईना. ह्यांना मात्र येत राहिलं. हसण्याच्या बाबतीत हे कधी संपावर गेले नाहीत.

पहिलं शिवण म्हणजे मुलीचा फ्रॉक. कापड माझ्या जुन्या साडीचं, बेतायला कागद वर्तमानपत्राचा. संपाच्या बातम्या छापलेल्या पानावर ह्यांनी लेकीचे खांदे आखले. जॉबरचा हात, माप सुतासुताने घेतलेलं, शिवण दोरी लावल्यासारखी सरळ. फ्रॉक देखणा झाला. घालायला गेलो तर डोकं आत जाईना. गळ्याला उघडं ठेवायचंच राहिलं होतं. मुलगी रडायला लागली. ह्यांनी फ्रॉक स्वतःच्या डोक्यावर टोपीसारखा चढवला आणि मुकादमाचं तोंड केलं. मुलीला रडता रडता हसू फुटलं. संध्याकाळी गल्लीतल्या शिंप्याकडे जाऊन बसले, त्याच्याकडून मागच्या चिरेची आणि हुकपट्टीची गोम शिकून आले. पुढे झबली, टोपडी, परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, दप्तरं, अगदी माझ्या ड्युटीच्या टोप्या, सगळं उषाबाईंच्या हातून गेलं. शिंपी पुढे पुढे ह्यांच्याकडे काजं पाहायला यायचा.

घरात ह्यांचा दिवस पहाटे नळाला पाणी आल्यापासून सुरू व्हायचा. पाणी भरणं, डबे, मुलीच्या दोन वेण्या. साचा ताणायची सवय असलेला हात, वेण्या इतक्या घट्ट घालायचे की मुलीच्या भुवया वर चढायच्या आणि वर्गातल्या बाईंना वाटायचं, ही रोज इतकी आश्चर्यचकित का दिसते! दुपारी मुलं शाळेतून आली की उषाबाईंचं झाकण हे अभ्यासाचं टेबल. काही शिवायचं असलं तर पाढे पायडलच्या ठेक्यावर. बे ते बारा सुरळीत. सतराच्या पाढ्याला मुलगा अडला की ह्यांचा पाय थांबायचा, आणि शिवण तिथेच थांबलेली असायची. मुलगा मोठा झाल्यावर सांगायचा, माझ्या लहानपणच्या चादरीवर कुठे टाके जवळजवळ पडलेत ते बघा, म्हणजे मला कुठला पाढा येत नव्हता ते कळेल. गुरुवारी भजनाची तालीम असायची. पखवाज दुरुस्तीला गेलेला असला तर मंडळी आमच्याच खोलीत जमायची आणि हे भजनी ठेका पायडलवर धरायचे. देवाचं नाव आणि पलंगपोसाची कड, दोन्ही एका बैठकीत पुरं व्हायचं.

बांगड्याचं तिखलं ह्यांनी करावं. तिरफळं किती घालायची हे ह्यांना हाताने कळायचं, मला अजून डोळ्यांनीही कळत नाही.

रात्रपाळी करून मी सकाळी येऊन झोपायची. खोली एकच, आणि उषाबाईंचा आवाज तर गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. तरी मला कधी त्या आवाजाने जाग आल्याचं आठवत नाही. मला वाटायचं, हे त्या वेळी शिवत नसतील. एकदा ताप होता, झोप लागेना, डोळे अर्धवट मिटून पडले होते. तेव्हा पाहिलं. ह्यांनी पट्टा उतरवून ठेवलेला, आणि हे उजव्या हाताने चाक हळूहळू फिरवत, एकेक टाका घालत, मुलाची चड्डी शिवत होते. पायाने शिवली असती तर दहा मिनिटांचं काम. हाताने दुपार गेली. जागी झाल्यावर मी काही बोलले नाही, ह्यांनीही कधी सांगितलं नाही. आमच्या लग्नात प्रेमाच्या गोष्टी फारशा बोलल्या गेल्या नाहीत. त्या उषाबाईंना माहीत होत्या.

बाहेर मात्र लोक बोलायचे. नाक्यावरची मंडळी विचारायची, "काय भाऊ, बायकोची साडी शिवून झाली का?" हे सांगायचे, "साडी शिवायची नसते रे, नेसायची असते. लग्न झालं की कळेल." ते हसायचे, हेही हसायचे. मला हसू यायचं नाही. आमच्या गल्लीतला शिंपी पुरुष होता. परळच्या खानावळीत भट्टीपुढे उभा असलेला आचारी पुरुष होता. इस्त्रीवाला पुरुष, मिठाई करणारा हलवाई पुरुष. त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. हीच कामं उंबऱ्याच्या आत आली, स्वतःच्या लेकरांसाठी झाली आणि त्यांचे पैसे आले नाहीत, की ती बायकी. काम तेच, हात तेच, सुईसुद्धा त्याच नंबरची. फरक फक्त गल्ल्याचा.

ह्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ह्यांची रीत निराळी. वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायचे, आणि वाचलेलं सगळं उषाबाईंच्या घराण्याच्या इतिहासात जमा करायचे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, सैन्याचे कपडे शिवायला कारखाना काढला, आणि पोटावर पाय येणार म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी तो फोडला. "बघ," हे म्हणायचे, "घराण्यात पहिल्यापासून कामगारांशी वाकडं." पुढे १८५१ मध्ये अमेरिकेत आयझॅक सिंगरने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. सिंगरने बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून तिच्यावरच्या प्रेमापोटी ते घडवलं, असं त्यांचं म्हणणं. हे गांधीजींना फार मानायचे, पण इथे ह्यांना राहवायचं नाही. सिंगर मूळचा नट, अनेक बायकांपासून त्याला वीसहून अधिक मुलं. "प्रेमाचं काय ते असेल," हे म्हणायचे, "पण एवढ्या पोरांचे कपडे शिवायचे तर माणूस मशीन काढणारच!" आणि मग दोन मुलांच्या ह्या बापाच्या चेहऱ्यावर, सिंगर आपल्या मुलांची नावं आठवतोय, अशी नक्कल यायची.

गणपतीत उषाबाई रंगभूमीवरही गेल्या. चाळीच्या मंडळाने अफझलखानाच्या वधाचा प्रवेश बसवला, खान अर्थातच हे. अंगरख्याला कापड नव्हतं. प्रवेशाच्या रात्री हिरव्यागार अंगरख्यात, दाढी लावून, हे डुलत डुलत आले आणि पहिल्या रांगेतल्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगो बाई, हा तर तुमच्या खिडकीचा पडदा!" शामियान्यात हशा. खानाने क्षणभरही न थांबता काकूंकडे वळून आदाब केला आणि म्हणाला, "हमने पूरी खिड़की फतह की है." तो प्रयोग त्या वर्षी महाराजांपेक्षा खानाचाच झाला. दुसऱ्या दिवशी अंगरखा उसवून पडदा परत खिडकीला लागला. दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची. ती बंद पडल्यापासून झेंडूचा हार आणि हळद-कुंकू उषाबाईंना मिळायला लागलं.

संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, हजारो लोक कायमचे बाहेर राहिले. ह्यांना उशिराने बोलावणं आलं, जुनी नोकरी मोजली जाणार नाही, नव्याने रुजू व्हायचं, या अटीवर. मुलगी तेव्हा शाळेत, मुलगा बालवाडीत. मी म्हटलं, जायचं असेल तर जा, मुलांचं बघू काहीतरी. ह्यांनी दोन दिवस विचार केला. दोन्ही दिवस उषाबाई बंद होत्या, एवढ्यावरून मला अंदाज आला होता. तिसऱ्या दिवशी ह्यांनी झाकण काढलं आणि म्हणाले, "साचा दुसरा कोणीही चालवेल." बाकीचं वाक्य बोलले नाहीत.

तेव्हापासून हे घरी होते ते परिस्थितीने नव्हे, ठरवून. हा फरक लोकांना शेवटपर्यंत समजला नाही. मध्यंतरी एका व्यापाऱ्याकडून डझनाच्या भावाने परकर शिवायला आणले. दिवसभर एकच शिवण, एकच नाडीपट्टी. उषाबाई तापायच्या, टाके सोडायच्या, आठवड्याला सुई मोडायच्या. पण त्या काळात नाक्यावरची चेष्टा एकदम थांबली. "भाऊचा धंदा बरा चाललाय," असं आदराने म्हणायला लागले. दोन्ही वेळा तेच मशीन, तोच माणूस. मुलीची परीक्षा आली तेव्हा ह्यांनी व्यापाऱ्याला नमस्कार केला. चेष्टा पुन्हा सुरू झाली आणि उषाबाईंचा ताप उतरला.

१९९१ च्या जनगणनेला एक प्रगणक आमच्या दारात आला. तरुण मास्तर, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. रकाने भरत भरत ह्यांच्यापाशी आला. "काम?" "घरकाम." मास्तर हसला. "तुमचं विचारतोय." "माझंच सांगतोय." "म्हणजे सध्या काही करत नाही?" हे म्हणाले, "मास्तर, सदरा काढा." तो गांगरला, पण काढला. ह्यांनी उषाबाईंच्या खणातून बटण शोधलं, ते हाताने लावलं, उसवलेली बगल मशीनवर घातली आणि सदरा परत दिला. "हे काम झालं का?" "झालं की." "मग लिहा." मास्तर प्रामाणिक होता, म्हणाला, "भाऊ, याचे तुम्ही पैसे कुठे घेतलेत? नियमाने काम धरता येत नाही." "पैसे घेतले असते तर धरलं असतं?" "हो, म्हणजे, तसंच." ह्यांनी हात पुढे केला. "द्या चार आणे."

मास्तरने हसत हसत चार आणे दिले. चहा घेतला. आणि रकान्यात शेवटी लिहिलं ते घरकामच, म्हणजे जनगणनेच्या हिशेबात बिगर-कामकरी. एका बटणाने माणूस कामगार होत नाही. ते चार आणे ह्यांनी खर्च केले नाहीत, खणात बॉबिनच्या डबीत ठेवले. २०११ च्या जूनअखेर पावली चलनातून बाद झाली तेव्हा डबी उघडून नाणं बघितलं आणि म्हणाले, "घ्या! आयुष्याची कमाई, तीही सरकारने रद्द केली."

मुलं मोठी झाली, मार्गी लागली. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. मी निवृत्त झाले आणि आम्ही डोंबिवलीला मुलाकडे आलो. टेम्पोत सामान चढवताना हमालांनी उषाबाईंना आडवं केलं तेव्हा ह्यांनी त्यांना अशी तंबी दिली, की हमालांनी पुढे आम्हा दोघांनाही हात धरून टेम्पोत बसवलं. २०२० च्या टाळेबंदीत उषाबाईंनी शेवटचं मोठं काम केलं. ह्यांच्या जुन्या धोतरांचे आणि माझ्या जुन्या साड्यांचे तीन चुण्यांचे मास्क. इलॅस्टिक मिळेना म्हणून ह्यांनी कापडाच्या नाड्या लावल्या. वय सत्तरीचं, गुडघा दुखायचा, तरी पायडल थांबलं नाही. सोसायटीतल्या झाडूवाल्यांपासून माझ्या जुन्या वॉर्डातल्या मुलींपर्यंत ते मास्क गेले. प्रत्येक मास्कच्या आतल्या बाजूला एक बारीकशी हसरी रेघ शिवलेली. बाहेरून दिसायची नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात हे गेले. झटका मोठा होता. माझं सगळं शिक्षण हाताशी असून उपयोग झाला नाही.

भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जण म्हणाले, "वहिनी, भाऊंनी तुमच्यासाठी फार केलं हो, पुरुष असून." चांगल्या मनाने म्हणाले, मला कळत होतं. पण पस्तीस वर्षं मी रात्रपाळ्या केल्या, त्याला कोणी "बाई असून" म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तर ह्यांनी त्याची चेहऱ्यासकट नक्कल करून ठेवली असती. ह्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही. ह्यांनी आपलं घर केलं, आपल्या मुलांचं केलं. त्याला "असून" लागत नाही.

उषाबाई आता मुलाकडे चालतात. त्याची नोकरी घरून असते. बायकोची कंपनी ठाण्याला. नातीसाठी त्याने परवा झालरीचा फ्रॉक शिवला, गळ्याला उघडं ठेवून. त्याचा व्हिडिओ सुनेने नातलगांच्या ग्रुपवर टाकला आणि कौतुकाचा पाऊस पडला. काळ बदलला म्हणायचं तर केंद्र सरकारची २०२४ ची पाहणी मात्र वेगळं सांगते. घरातल्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. ही सरासरी काम करणाऱ्यांची आहे. जे कपबशीही उचलत नाहीत ते तीत धरलेलेच नाहीत. ह्यांची ८८ मिनिटं पहाटेच्या पाण्यात आणि डब्यांतच संपायची.

२०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक तुमच्याही दाराशी येईल. रकान्यांचे नियम त्याच्या हातात नाहीत, त्याच्याशी भांडू नका. पण घर सांभाळणारा माणूस, मग तो पुरुष असो की बाई, त्याच्याविषयी "काही करत नाही" असं आपल्या तोंडून सांगू नका. घरकाम करतो म्हणून सांगा, आणि ते त्याच्यादेखत, मोठ्याने सांगा.